चिकटवलेलं लाकडी पॅनल वाकू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागवान, शिवण, आंबा, फणस अशा भरीव लाकडाच्या फळ्या कडेला कड लावून जे पॅनल तयार होतं, त्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. टेबलाचा वरचा भाग, देव्हाऱ्याची पाठ, कपाटाचं दार, बाकाची बैठक हे सगळं त्यात आलं. प्लायवर सनमायका लावल्यावर दार वाकतं, ही तक्रारही सारखी येते, म्हणून तिचं उत्तर शेवटाकडे दिलं आहे.

पुढे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील. फळी रुंदीत वाकली तर पन्हळ, लांबीत वाकली तर बाक आणि चारपैकी एक कोपरा उचलला गेला तर पीळ. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तेव्हा पॅनल घेऊन मिस्त्रींकडे जाण्याआधी यातलं नेमकं काय झालंय ते बघून घ्या.

पॅनल वाकलं म्हणजे फेव्हिकॉल कमी पडला का?

नाही. गोंद कमी पडला असता तर सांधा उघडला असता, पॅनल वाकलं नसतं. नीट रंधलेल्या दोन कडा चांगल्या गोंदाने जोडल्या, तर तो सांधा आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत होतो. असं पॅनल मुद्दाम मोडून बघा, बहुतेक वेळा सांध्याच्या शेजारचं लाकूड फाटलेलं दिसेल.

वाकण्याचं मूळ ओलाव्यात आहे. कापून, सुकवून, पॉलिश करूनही लाकूड हवेतला ओलावा घेत राहतं आणि सोडत राहतं. ओलावा आत गेला की फुगतं, बाहेर पडला की आकसतं. दोन्ही तोंडं, म्हणजे पॅनलची वरची आणि खालची रुंद बाजू, सारखीच फुगली तर पॅनल नुसतं रुंद होतं आणि सपाट राहतं. एक तोंड सुकं आणि दुसरं ओलं असेल, तर उन्हात घातलेल्या पापडासारख्या सुक्या बाजूच्या कडा वर येतात. पॅनलची खोलगट बाजू ही सुकी किंवा जास्त वेगाने सुकलेली बाजू असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या तक्रारींचं कारण जागेवरच सापडतं.

लाकूड हलतं म्हणजे नेमकं किती हलतं?

लांबीत जवळजवळ हलतच नाही. रुंदीत किती हलेल, ते फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर ठरतं. वार्षिक वलयांना समांतर कापलेल्या, म्हणजे तोंडावर कमानीसारखी नक्षी दिसणाऱ्या फळीचं हलणं जास्त असतं. वलयं फळीच्या जाडीत उभी येतील अशा बेताने कापलेल्या, तोंडावर सरळ रेषा दिसणाऱ्या फळीचं हलणं त्याच्या साधारण निम्मं.

सागाचे आकडे असे आहेत. ओलाव्यात एक टक्क्याचा फरक पडला, की कमानीच्या नक्षीची फळी रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के हलते आणि सरळ रेषांची सुमारे ०.१० टक्के. समजा, दोन फुटी, म्हणजे ६०० मिमी रुंदीचा टेबलटॉप आहे. उन्हाळ्यात लाकडात ७ टक्के ओलावा होता आणि पावसाळ्याच्या शेवटी तो १३ टक्क्यांवर गेला. कमानीच्या नक्षीचा टॉप ६०० × ०.००१९ × ६, म्हणजे जवळपास ७ मिमी रुंद होईल. सुतारी मापात दोन सुतांहून थोडा जास्त. सरळ रेषांचा असेल तर साडेतीन-चार मिमी.

विदर्भात हा फरक सहज पडतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टमध्ये ऐंशीच्या आसपास जाते. मुंबई-कोकणात उन्हाळाही दमट असल्यामुळे वर्षभरातला चढउतार कमी असतो, पण पावसाळ्यात लाकूड फुगतं ते चांगलंच फुगतं. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे. जास्त हलणाऱ्या जातीचं लाकूड असेल तर हेच आकडे वाढतात.

हे सात मिमी कोणीही थांबवू शकत नाही. पॉलिशने नाही, स्क्रूने नाही, लोखंडी पट्टीने तर नाहीच. त्यांना वाट करून द्यावी लागते. या पानावरची बाकीची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीची आहेत: रुंदीला हलू द्या, आणि दोन्ही तोंडांना सारखी वागणूक द्या.

लाकूड मुरलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

वखारवाला ‘एकदम सुकं आहे’ म्हणाला, यावर विसंबू नका. ओलावा मोजायचं मीटर मिळतं, ते घ्याच. टोकदार दोन पिनांचं स्वस्तातलं मीटरही फळीफळीतला फरक दाखवायला पुरेसं आहे. पिना फळीच्या टोकाला टोचू नका, टोकं आधी सुकतात. फळीच्या मधल्या भागात टोचा. शक्य असेल तर फळीचा एक तुकडा कापून ताज्या कापलेल्या तोंडावर टोचा.

मीटर नसेल तर वजनकाटा चालतो. फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापा, लगेच वजन करा. मग तो ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वरच्या तापमानाला ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत अधूनमधून मोजत राहा. समजा, आधी ४१२ ग्रॅम भरला आणि शेवटी ३६४ ग्रॅम. फरक ४८ ग्रॅम. ४८ भागिले ३६४, म्हणजे ओलावा १३ टक्के. भागायचं ते सुक्या वजनाने. ओल्या वजनाने भागलं तर उत्तर कमी येतं आणि उगाच समाधान होतं.

किती ओलावा चालेल? भारतीय मानक आयएस २८७ मध्ये हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळी मर्यादा दिली आहे. घरातल्या फर्निचरसाठी मी मुंबई-कोकणात १२ टक्क्यांच्या आसपासचं, पुण्याकडे १० ते १२ आणि विदर्भ-मराठवाड्यात ८ ते १० टक्क्यांचं लाकूड धरतो. पण नेमक्या आकड्यापेक्षाही एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. एका पॅनलमधल्या सगळ्या फळ्या एकमेकींच्या दोन टक्क्यांच्या आत हव्यात. एक फळी ९ ची आणि तिच्या शेजारी १५ ची लावलीत, तर दुसरी पुढच्या काही महिन्यांत आकसणारच, आणि सांध्यावर पायरी पडेल किंवा पॅनल ओढलं जाईल.

वखारीतून आणलेल्या फळ्या लगेच रंधू नका. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्या कामाच्या जागी रचा आणि किमान दोन-तीन आठवडे तशाच राहू द्या. ज्या घरात फर्निचर जाणार तिथेच ठेवता आल्या तर आणखी उत्तम. एका फळीवर खडूने तारीख आणि वजन लिहा. आठवड्याने पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच भरलं, की लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळलं.

फळ्या निवडताना काय बघावं?

फळीचं टोक बघा. वलयांचा केंद्रबिंदू, म्हणजे ओंडक्याचा अगदी गाभा टोकाला दिसत असेल, तर तेवढा भाग कापून काढा. गाभा असलेली फळी आज ना उद्या तडकते. मोठ्या गाठीजवळ रेषा वळलेल्या असतात, तिथे फळीही वळते. लांबीत ज्या फळीच्या रेषा तिरप्या जातात तिला पीळ पडायची भीती जास्त. लागवडीच्या, लवकर तोडलेल्या सागात गाभ्याजवळचं कोवळं लाकूड जास्त निघतं आणि ते कमी भरवशाचं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलातल्या जुन्या सागाला लोक जास्त पैसे मोजतात, त्यामागे रंग आणि टिकाऊपणाबरोबर हेही एक कारण आहे.

फळी किती रुंद घ्यावी, यावर माझं मत ठाम आहे: तीन ते पाच इंच. दहा इंची सुंदर फळी मिळाली की तिचे तुकडे करायला जीव धजत नाही, हे मान्य. पण कमानीच्या नक्षीची दहा इंची फळी एकटी जेवढी पन्हळ घेते, तेवढी पाच इंचाच्या दोन फळ्या घेत नाहीत. मधोमध चिरून, कडा रंधून त्याच क्रमाने परत जोडली तर नक्षी फारशी तुटतही नाही.

वलयं एकाआड एक उलटी लावावीत का?

या प्रश्नावर सुतारांचे दोन तट आहेत, आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. सुकताना वलयं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे फळीची सालीकडची बाजू खोलगट होते. सगळ्या फळ्यांची सालीकडची बाजू वर ठेवली तर अख्खं पॅनल एकाच दिशेने एका मोठ्या कमानीत वाकतं. एकाआड एक उलटी लावली तर कमान होत नाही, पण पृष्ठभाग लाटांसारखा खालीवर होतो.

एकच कमान खालच्या पट्टीने किंवा टेबलाच्या चौकटीने ओढून धरता येते. लाटा ओढून धरता येत नाहीत. उलट, खाली काहीच आधार नसलेल्या, उघड्या पॅनलला एकाआड एक रचना बरी. पण लाकूड नीट मुरलेलं असेल आणि फळ्या अरुंद असतील, तर या दोन्हींत डोळ्याला दिसण्याइतका फरक उरत नाही. मी वरच्या तोंडावर काय चांगलं दिसतं ते बघतो आणि रेषांची दिशा एका बाजूला ठेवतो, म्हणजे नंतर रंधा मारताना लाकूड उपटून येत नाही. वलयांची चिंता मी त्यानंतर करतो.

लाकूड सुकं होतं, तरी क्लॅम्प काढल्यावर पॅनल पन्हळीसारखं निघालं. असं का?

मग कडा काटकोनात नव्हत्या. हा दोष ओलाव्याचा नाही, आणि तो पहिल्याच दिवशी दिसतो.

हिशोब बघा. चार इंची सहा फळ्या, मध्ये पाच सांधे. प्रत्येक कड काटकोनापासून फक्त पाव अंश चुकली आणि सगळ्या एकाच बाजूला चुकल्या, तर प्रत्येक सांध्याला अर्धा अंश साठतो. दोन फुटांच्या पॅनलमध्ये मधोमध जवळपास चार मिमीची पोकळी तयार होते. पाव अंश गुण्या लावूनही सहज नजरेतून सुटतो.

यावर जुना आणि अचूक उपाय असा. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा तोंडाला तोंड लावून शिकंज्यात पकडा आणि दोन्ही कडा एकदमच रंधा. रंधा जरा तिरका चालला तरी एक कड जेवढी आत झुकते तेवढीच दुसरी बाहेर झुकते, आणि पुस्तक उघडल्यावर दोन्ही मिळून सरळ रेष होते. जॉइंटर (कड सरळ रंधणारं) मशीन असेल तर एका फळीचं वरचं तोंड कुंपणाला, म्हणजे फळी टेकवायच्या उभ्या पट्टीला, लावून कड काढा, शेजारच्या फळीचं खालचं तोंड लावून. मशीनच्या कुंपणात चूक असेल तर दोन कडांवरच्या चुका आपोआप एकमेकींना मारतात. त्यासाठी फळ्या टेबलावर मांडून झाल्यावर वरच्या तोंडांवर पेन्सिलने एक मोठा त्रिकोण काढा. त्रिकोण जुळला की क्रमही जुळला आणि बाजूही.

गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जोडून बघा. कोरड्या सांध्यातून उजेड दिसत असेल तर क्लॅम्प आवळून तो बंद करायच्या मागे लागू नका. जबरदस्तीने मिटवलेला सांधा लाकडात ताण सोडतो, आणि तो ताण पुढे कधीतरी बाहेर पडतो.

क्लॅम्प कसे लावावेत?

एक वरून, एक खालून, असे आलटून पालटून. सगळे खालून लावले तर आवळताना पॅनल मधून उचललं जातं. दोन क्लॅम्पमध्ये आठ-दहा इंचांचं अंतर पुरे. क्लॅम्पचा दाब फळीच्या जाडीच्या बरोबर मधोमध यायला हवा. तो वर-खाली गेला की कड फिरते. म्हणून जबड्यात जाडीच्या मध्याशी येईल अशी लाकडी पट्टी ठेवा.

पॅनलवर आडव्या, सरळ, जाड पट्ट्या वर-खाली जोडीने ठेवून त्या ‘जी’ (G) आकाराच्या क्लॅम्पने आवळल्या तर फळ्या एका पातळीत राहतात. या पट्ट्यांना खाकी प्लास्टिक टेप लावा, नाहीतर त्याच पॅनलला चिकटून बसतील.

दाब किती? सांध्याच्या पूर्ण लांबीत गोंदाचे बारीक मणी बाहेर येईपर्यंत. ओघळ यायला लागले तर गोंद जास्त झालाय, मणीच आले नाहीत तर कमी. क्लॅम्प आवळून झाले, की लगेच, गोंद ओला असतानाच, सरळ पट्टी आडवी धरून पॅनल तपासा. या वेळी एखादा क्लॅम्प ढिला करून दुरुस्ती होते. दुसऱ्या दिवशी होत नाही.

क्लॅम्प नसले तरी काम अडत नाही. जाड प्लायच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोका, मध्ये फळ्या बसवा आणि एका बाजूला जोडपाचर (समोरासमोर उलट्या ठोकलेल्या दोन पाचरी) मारा. अनेक मिस्त्री आजही असंच करतात आणि पॅनल उत्तम निघतं. फक्त फळ्या वर उसळू नयेत म्हणून वरून वजन ठेवायला विसरू नका.

गोंद कोणता वापरावा?

घरातल्या फर्निचरला नेहमीचा पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. स्वयंपाकघर, बाथरूमचं दार, बाहेरचा बाक यासाठी पाण्याला टिकणारा प्रकार घ्या. साग तेलकट असतो, म्हणून कडा रंधल्यावर त्याच दिवशी चिकटवा, किंवा चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. डॉवेल (लाकडी खुंट्या), बिस्किटं (खाचेत बसणाऱ्या चपट्या लाकडी चकत्या) आणि खाच-जीभ यांनी फळ्या पातळीत बसायला मदत होते, पण वाकणं त्यांनी थांबत नाही.

पावसाळ्यात पॅनल जोडावं का?

जोडा, पण दोन गोष्टी सांभाळून. गोंद सुकायला जास्त वेळ लागतो, म्हणून क्लॅम्प रात्रभर राहू द्या. आणि लाकूड आत्ता फुगलेलं आहे हे मापं घेताना धरून चाला. जुलैत घट्ट बसवलेलं पॅनल एप्रिलमध्ये सैल होईल, ही अडचण नाही. एप्रिलमध्ये घट्ट बसवलेलं पॅनल जुलैत चौकट फोडेल, ही खरी अडचण.

क्लॅम्प काढल्यावर पॅनल कुठे ठेवायचं?

सगळ्यात जास्त पॅनलं इथेच वाया जातात. काम झालं, क्लॅम्प सुटले आणि पॅनल जमिनीवर किंवा टेबलावर आडवं टाकून माणूस घरी गेला. पावसाळ्यात चिपळूण-रत्नागिरीकडच्या एखाद्या कारखान्यात शहाबादी फरशीवर असं पॅनल ठेवलं, तर फरशीची ओल खालच्या तोंडात शिरते. वरचं तोंड पंख्याच्या वाऱ्यावर सुकतं. सकाळी बघाल तर मध्य फरशीला टेकलेला आणि दोन्ही कडा उचललेल्या, त्यांखालून बोट जाईल इतक्या. उन्हाळ्यात विदर्भात फरशी कोरडी असते, पण खालचं तोंड झाकलेलं राहतं आणि वरचं भराभर सुकतं. परिणाम तोच.

म्हणून पॅनल कधीही एका तोंडावर झोपवू नका. सारख्या जाडीच्या पट्ट्यांवर ठेवा, किंवा भिंतीला टेकवून जवळजवळ उभं ठेवा, मागून हवा जाईल अशा बेताने. पॅनलं जास्त असतील तर मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा आणि वर वजन ठेवा. उन्हात ठेवू नका. घाईचं काम असेल आणि आठवडाभर दुसरीकडे अडकणार असाल, तर पॅनल प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून ठेवा. दोन्ही तोंडं बंद, म्हणजे दोन्हींचा कारभार सारखा.

क्लॅम्प काढल्या काढल्या घासायलाही बसू नका. गोंदातलं पाणी सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. फुगलेल्या अवस्थेत घासून सपाट केलं, तर ते पाणी आठवड्याभरात निघून गेल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खळगी उमटते, आणि चकचकीत पॉलिशखाली ती उठून दिसते. दोन-तीन दिवस तरी थांबा, दमट हवेत आठवडा.

जाडी काढताना दोन्ही तोंडांवरून सारखं लाकूड काढा. एकाच बाजूने चार मिमी रंधले तर आतला ओलावा आणि ताण एका बाजूला उघडा पडतो, आणि सपाट निघालेलं पॅनल दुसऱ्या दिवशी पन्हळ झालेलं असतं.

टेबलाखाली आडव्या पट्ट्या ठोकल्या तर वाकणार नाही ना?

आपल्या जेवणाच्या पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात. त्या पाटाला उंची देतात आणि फळीला पन्हळ पडू देत नाहीत. चांगल्या जुन्या पाटात त्या खाचेत सरकवून बसवलेल्या दिसतील: फळी रुंदीत हलली तरी पट्टीवरून सरकते, पण उचलली जात नाही. हे तत्त्व टेबलालाही तसंच लागू आहे.

बिघडतं ते पट्टी गोंदाने चिकटवून वर चार-पाच स्क्रू गच्च आवळल्यावर. पट्टी लांबीत हलत नाही, टॉप रुंदीत सात मिमी हलायला बघतो. त्या ओढाताणीत एकतर टॉप वाकतो किंवा फाटतो. त्यामुळे पट्टीला गोंद लावायचाच नाही. मधला एक स्क्रू घट्ट. बाकीच्यांची भोकं पट्टीत लांबट करायची, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आणि स्क्रूखाली वॉशर घालायचा.

टॉप टेबलाच्या चौकटीला जोडतानाही हेच. थेट चौकटीतून स्क्रू मारण्यापेक्षा चौकटीच्या आत खाच पाडा आणि लाकडाच्या छोट्या गुट्ट्या त्या खाचेत अडकवून टॉपला स्क्रू करा. गुट्टी खाचेत मागेपुढे सरकते आणि टॉप मोकळा राहतो.

दाराच्या चौकटीतल्या पॅनलला किती फट ठेवावी?

४०० मिमी रुंदीचं सागाचं पॅनल सहा टक्क्यांच्या फरकात सुमारे साडेचार मिमी हलतं. मे महिन्यात बनवत असाल तर दोन्ही बाजूंच्या खाचांत मिळून तेवढी जागा मोकळी ठेवा. ऐन पावसाळ्यात बनवत असाल तर एकेक मिमी पुरे, पण मग खाच खोल हवी, नाहीतर उन्हाळ्यात पॅनल खाचेतून बाहेर येईल. खाचेत गोंद घालू नका. वर आणि खाली, रुंदीच्या मधोमध एकेक बारीक खिळा मारला तर पॅनल दोन्हीकडे सारखं आकसतं. आणि चौकटीत बसवण्याआधीच पॅनलला पॉलिश करून घ्या. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कडेला बिनरंगाची पांढुरकी रेघ दिसायला लागते.

खालच्या बाजूला पॉलिश करायची खरंच गरज आहे? कोणाला दिसत नाही.

लाकडाला दिसतं. पीयू असो, मेलामाइन असो की साधं फ्रेंच पॉलिश, ओलावा पूर्ण कोणीच अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. वर तीन हात आणि खाली एकही नाही, अशा पॅनलचं खालचं तोंड पहिल्या पावसात झपाट्याने फुगतं, वरचं मागे राहतं, आणि कडा वर उचलल्या जातात. जेवढे हात वर, तेवढेच खाली. खालच्या बाजूला घासकाम आणि चकाकी कमी चालेल, थर कमी चालणार नाहीत.

दारांच्या बाबतीत माझा एक कळकळीचा आग्रह आहे: दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा बघा. दार बिजागऱ्यांवर चढवून मग पॉलिश करायची पद्धत आहे, त्यामुळे तळाची कड कोरीच राहते. टोकाकडून लाकूड पाणी सगळ्यात वेगाने शोषतं. रोज फरशी पुसतानाचं पाणी तिथून वर चढतं. दार चढवायच्या आधी तळाला दोन हात मारायला पाच मिनिटं लागतात, मिस्त्रींना ते आठवणीने सांगा.

बेडरूमचं दार आतल्या बाजूला खोलगट झालंय. एसीमुळे का?

बहुधा हो. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. आतलं तोंड रात्रभर कोरड्या हवेत आणि बाहेरचं तोंड पॅसेजच्या दमट हवेत, म्हणजे आतली बाजू आकसून खोलगट होणारच. पश्चिमेला तोंड असलेल्या मुख्य दाराचं उलट होतं, उन्हाने बाहेरचं तोंड सुकतं. गडद रंगाचं पॉलिश असेल तर आणखी तापतं. अशा जागी एकसंध जोडलेलं पॅनल लावूच नका. चौकट आणि तिच्या खाचेत मोकळी पॅनलं असं दार करा. उंच दाराला दोनऐवजी तीन बिजागऱ्या द्या.

पुण्याहून अमेरिकेत नेलेला देव्हारा पहिल्याच थंडीत तडकला. लाकूड वाईट होतं का?

लाकूड वाईट असेलच असं नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा नागपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी होते, आणि तशीच कित्येक आठवडे राहते. पुण्यात १२ टक्क्यांवर असलेलं लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतं. परदेशी न्यायची वस्तू असेल तर सुताराला आधी सांगा. पाठ आणि दारं खाचेत मोकळी बसवून घ्या, कुठेही आडव्या पट्टीला गोंद नको, आणि तिथे गेल्यावर हीटरच्या झोतापासून लांब ठेवा.

प्लायला सनमायका लावल्यावर शटर वाकलं. प्लाय खराब होता का?

आधी मागची बाजू बघा. पुढे एक मिमीचा सनमायका आणि मागे नुसता रंग किंवा काहीच नाही, असं असेल तर उत्तर तिथेच आहे. प्लायचे थर विषम संख्येत आणि एकाआड एक आडवे-उभे असतात, म्हणून तो दोन्ही बाजूंनी समतोल राहतो. एका बाजूला लॅमिनेट, म्हणजे सनमायका, चिकटवलं की तो समतोल गेला. ओलावा उघड्या बाजूनेच आतबाहेर करतो, शिवाय लॅमिनेट स्वतःच्या गतीने हलतं.

मागे लायनर लॅमिनेट (मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचं साधं लॅमिनेट) लावा, स्वस्तातलं चालेल, पण त्याच गोंदाने आणि शक्यतो त्याच दिवशी. पातळ व्हिनियरलाही हाच नियम. सात फुटांपेक्षा उंच शटरला मागून सरळ ठेवणारी समायोजनाची पट्टी बसवून घ्या, आणि प्लायचे ताव साइटवर भिंतीला तिरके टेकवून महिनाभर ठेवू नका.

वाकलेलं पॅनल सरळ करता येतं का?

वाकून थोडेच दिवस झाले असतील तर बऱ्याचदा येतं. आधी काहीच करू नका. दोन्ही तोंडांना हवा लागेल असं ते सावलीत उभं करून ठेवा आणि चार-सहा दिवस थांबा. नुसत्या ओलाव्याच्या असमतोलामुळे वाकलं असेल तर पुष्कळदा आपोआप परत येतं.

नाही आलं, तर खोलगट बाजूला, म्हणजे सुक्या तोंडाला, ओलसर फडकं अंथरा आणि फुगलेलं तोंड कोवळ्या उन्हाकडे करा. दर तासाला सरळ पट्टी लावून बघा, कारण काही पॅनलं चटकन फिरतात आणि पलीकडे जातात. सरळ झालं की लगेच पट्ट्यांमध्ये दाबून दोन-तीन दिवस ठेवा, आणि पूर्ण सुकल्यावर दोन्ही तोंडांना पॉलिशचे सारखे हात द्या. हे बिनपॉलिशच्या पॅनललाच जमतं. पॉलिश असेल तर आधी ते दोन्ही बाजूंनी खरवडावं लागेल. पांढऱ्या गोंदाच्या पॅनलवर पाणी ओतू नका, ओलसर फडकं पुरे.

कडा काटकोनात नसल्यामुळे आलेली पन्हळ मात्र पाण्याने किंवा वजनाने जात नाही. तिथे पॅनल सांध्यांवरून चिरायचं, प्रत्येक कड नव्याने रंधायची आणि परत जोडायचं. प्रत्येक सांध्यामागे करवत आणि रंधा मिळून चार-पाच मिमी रुंदी जाते, तेव्हा सहा फळ्यांचं पॅनल जवळपास इंचभर अरुंद होईल. माप अडत असेल तर कडेला एक नवी पट्टी जोडा, तिचा ओलावा मीटरवर बाकीच्यांशी जुळवून.

पीळ सगळ्यात हट्टी. तो किती आहे हे बघायला दोन सरळ, एकसारख्या पट्ट्या पॅनलच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका टोकाकडून नजर पट्ट्यांच्या वरच्या कडेच्या पातळीत आणा. मागची पट्टी एका बाजूला जास्त दिसली तर तेवढा पीळ. दोन-तीन मिमी असेल तर उचललेले दोन कोपरे वरच्या तोंडावर आणि उरलेले दोन खालच्या तोंडावर रंधून काढता येतात. त्याहून जास्त असेल आणि जाडी पुरत नसेल, तर पॅनल सोडवून पिळाची फळी शोधा. बहुतेक वेळा दोषी एकच फळी असते. ती बदला आणि तिचे छोटे तुकडे पोळपाटाच्या पायांना किंवा टेबलाखालच्या गुट्ट्यांना वापरा. तेवढ्या लांबीत पीळ जाणवत नाही.